नदीचा झगा

"थांब, हात लावू नको. आधी लिहून घेऊ दे," असे म्हणत मार्तंडरावांनी चष्मा पुसला, मांडीवर पाट घेतला आणि पाठकोऱ्या कागदाच्या डोक्यावर तारीख टाकली. सात जानेवारी त्रेसष्ट.

वनमाला समोर चटईवर बसली होती. तिच्या पुढ्यात धुतलेल्या धोतराच्या फडक्यावर एक निळा झगा पसरला होता. वर अंगाला घट्ट बसेल अशी चोळी, तिलाच जोडलेला मोठ्या घेराचा घागरा, आणि बाजूला घडी करून ठेवलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका झिरझिरीत शेला.

"हं, सांग. कापड कोणतं?"

"साटन."

"रंग?"

"निळाच व्हता. आता पाऊस पडून गेल्यावरच्या आभाळासारखा झालाय."

"आभाळ लिहिता येत नाही. निळा, विटका." त्यांनी लिहिले. "फाटलंय कुठं कुठं?"

"दोन्ही काखांत. खाली घेराला. कमरेची शिवण उसवलीय."

"किनारीला काय आहे?"

"रुपेरी गोटा. खरा."

मार्तंडरावांचा टाक थांबला. "खरा म्हणजे? चांदीचा?"

"चांदीच्या तारेचा. पूर्वीचं काम हाय ते. आता असं मिळत न्हाय."

"अगं, मग ही जोखीम घरात घेतलीस कामून? उद्या वीतभर कमी भरला तर कुणाच्या गळ्यात पडायचं?"

"कमी कसा भरंल? माझ्याजवळच राहणार की," वनमाला म्हणाली. तिला ते इतके सरळ वाटत होते. मार्तंडरावांना सरळ वाटणाऱ्या गोष्टींचीच जास्त धास्ती होती.

त्यात त्यांचा फार दोष नव्हता. निजामाच्या काळात बार्शी इंग्रजांची आणि येडशी निजामाची. मधल्या रस्त्यावर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका होता आणि त्या नाक्यावर मार्तंडराव विसाव्या वर्षी कारकून म्हणून चिकटले. कडब्याच्या पेंढीत तुपाचा डबा, बाळंतिणीच्या गादीत रेशमी कापड, देवाच्या पेटीत देवाखाली सुपारी, असे काय काय त्यांनी आपल्या हाताने बाहेर काढले होते. संस्थान विलीन झाले, पुढे करोडगिरीही बुडाली, आणि मार्तंडराव धाराशिवात बार्शी रस्त्यावरच्या जकात नाक्यावर येऊन बसले. सरकार बदलले, नाका बदलला, नजर तीच राहिली. माणूस समोर आला की त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या गाठोड्याकडे बघत. स्वतः मात्र कुणाच्या पैला शिवले नाहीत. नाक्याचा रबरी शिक्कासुद्धा ते रोज फडक्यात बांधून घरी आणत, कारण दुसऱ्या पाळीच्या रामकिसनवर त्यांचा भरवसा नव्हता. आणि रामकिसनवर का नव्हता, तर तो फार हसत असे.

झगा चंद्रप्रभाबाईंचा होता. वकील गोपाळकृष्णरावांची ही बहीण विशीत घर सोडून मुंबईला गेली आणि एका बॅले मंडळीत पंधरा वर्षे नाचली. बॅले म्हणजे तोंडाने एक शब्द न बोलता नाचून सांगितलेली गोष्ट. गावाने त्याला सरळ नाच म्हटले, आणि पुढचे न बोलता भुवया वर केल्या. मंडळी बंद पडली, गुडघा दुखावला, तेव्हा बाई एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे परत आल्या. दोन वर्षे त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चीनची लढाई झाली, संरक्षण निधीसाठी गावोगाव कार्यक्रम निघाले, आणि मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी चंद्रप्रभाबाईंना गाठले. मुलींचा एक छोटा बॅले बसवा, आणि त्यातली नदी तुम्हीच करा. कार्यक्रम रविवारी, वीस तारखेला. चंद्रप्रभाबाई चाळिशीला टेकल्या होत्या. "एकदाच," त्या म्हणाल्या, आणि पेटी उघडली. नदीचा झगा कसरीने आणि घामाने खाल्लेला निघाला.

मग त्या वनमालेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बार्शीच्या कपडेपटवाल्या अंबादासांची मुलगी इथंच राहते ना?" असे त्यांनी विचारले होते.

वनमालेच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. या अकरा वर्षांत धाराशिवात ती मार्तंडरावांची मंडळी होती, नाक्यावरच्यांची बायको होती, आणि मूलबाळ नसल्यामुळे तेवढ्यापुरतीच होती. तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणे, एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळत. राजाच्या अंगरख्यापासून दासीच्या शेल्यापर्यंत सगळे पोशाख त्यांच्या ताब्यात. कंपनीच्या पेट्यांवर चढून वनमाला मोठी झाली होती, आणि दहाव्या वर्षी तिला भरजरी शालूवरचे तेल उतरवता येत होते. हे सगळे ती जवळजवळ विसरली होती; माहेरहून आलेले शिवणयंत्र तेवढे शेजारच्या पोरांच्या झबल्यांपुरते चालत होते. वडिलांचे नाव दारात ऐकल्यावर तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आले, आणि काय काम आहे हे न विचारताच ती "करते" म्हणाली.

मार्तंडराव तेव्हा घरात नव्हते. असते तर गाठोडे उंबऱ्याच्या आत आले नसते.

पंधरवडाभर घराचे रूपच पालटले. वनमाला सकाळी भाकऱ्या उरकून हात राखेने धुवायची, कोरडे करायची, आणि झग्यापाशी बसायची. गव्हाचा कोंडा तव्यावर कोमट करून तिने तो साटनवर हलक्या हाताने फिरवला आणि मुलायम फडक्याने झटकला. कोंडा काळा झाला, कापड उजळले. ऊन तिने झग्याला दाखवले नाही. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी, उलटा करून टांगला. मार्तंडरावांनी कौतुकाने डांबरगोळ्या आणून दिल्या, तर तिने त्या तशाच परत केल्या.

"रुपेरी काम काळं पडतं त्यानं. दादा म्हणायचे, डांबरगोळी म्हंजी जरीचं मरण."

"सगळं जग पेटीत डांबरगोळ्या घालतं."

"घालू द्या की."

हे "घालू द्या की" मार्तंडरावांना नवे होते. नवऱ्याच्या बोलण्याला उलट उत्तर, तेही मान खाली घालून, सुई न थांबवता. ही हवा कुठून आली, हे त्यांना ठाऊक होते. चंद्रप्रभाबाई एक दिवसाआड दुपारी माप द्यायला येत. मार्तंडराव नाक्यावरून घरी आले की दोघींचे बोलणे थांबायचे. आता दारात पुरुषमाणूस आला, तोही चपलेचा आवाज न करता, तर बायका थांबणारच. पण मार्तंडरावांचे शास्त्र वेगळे होते. गाठोड्याजवळ गेल्यावर जो गप्प होतो त्याच्या गाठोड्यात माल असतो.

"काय बोलत होतात?" बाई गेल्यावर त्यांनी विचारले.

"गुडघ्याचं. त्यांचा उजवा गुडघा वळत न्हाय नीट."

"एवढं अर्धा तास?"

"गुडघा लई दिवसांचा हाय," वनमाला म्हणाली, आणि हसली. रामकिसनसारखी.

त्या दिवसापासून ते कागद काढून झगा ताडून बघू लागले. चोळी एक, घागरा एक, शेला एक. बरोबर भरले की त्यांना बरे वाटण्याऐवजी वाटायचे, आपल्याला कळत नाही असे काहीतरी चालले आहे.

आणि बुधवारी ते कळले, असे त्यांना वाटले.

शेजारच्या सत्यभामाकाकूंनी त्यांना ओट्यावरच गाठले. काकू कुणाचे वाईट चिंतीत नसत. फक्त दिसलेले पोटात ठेवण्याची त्यांना ताकद नव्हती. "मार्तंडराव, तुमच्याकडं नवं भांडंबिंडं घेतलं व्हय?"

"कामून?"

"न्हाय, काल दुपारी बोहारीण बसली होती तुमच्या दारात. वनमालानं आतून रेशमी कापडाचं बोचकं आणून दिलं तिला. चांगलं जड व्हतं. म्हटलं हंडा घेतला की काय बाई! पण तिनं तर भांडं घेतलंच न्हाय. पुडक्यात काहीतरी घेतलं, अन् दार लोटून घेतलं."

मार्तंडराव घरात गेले. वनमाला पाण्याला गेली होती. त्यांनी झग्यावरचे फडके उचलले. घेराच्या डाव्या बाजूचा गोटा उसवून काढलेला होता, आणि सुपात एक दुसराच गोटा गुंडाळी करून ठेवला होता. तसाच रुपेरी, पण तो नव्हे. चाळीस गाठोड्यांतून एक गाठोडे हेरणाऱ्या माणसाला एवढे कळत होते. खरा गेला बोहारणीकडे, आणि खोटा येऊन बसला. एवढी हिंमत! आणि तीही त्यांच्या घरात!

राग आला असता तर बरे झाले असते. पण त्यांना भीती वाटली. वकिलाच्या घरची वस्तू. उद्या पोलीस आले, तर नाक्यावरच्या मार्तंडाची बायको चोर निघाली असे गाव म्हणणार, आणि रामकिसन हसणार.

बायकोला सरळ विचारावे, हे त्यांच्या मनात आलेच नाही असे नाही. पण विचारले की माणूस सावध होतो, हा नाक्यावरचा पहिला धडा. रात्री जेवताना वनमालेने भाकरीवर तुपाची धार धरली तीसुद्धा त्यांना लाच वाटली.

शुक्रवारी सकाळी वनमाला शेल्याचे माप घ्यायला वकिलांच्या वाड्यावर गेली. झग्याची चोळी चटईवर उलटी पसरलेली होती, आतले अस्तर वर. मार्तंडराव कामावर निघाले होते. पिशवी खांद्याला होती. पिशवीत शिक्का होता. निदान उरले आहे ते तरी कुणी बदलू नये, आणि बदललेच तर ओळखता यावे, असा त्यांनी विचार केला. खुणेचा माल बदलता येत नाही. अस्तराच्या आत, कमरेपाशी, कुणाला दिसणार आहे? त्यांनी शाईची डबी उघडली आणि शिक्का मारला. पुसट उठला. म्हणून दुसरा, तळहाताने दाबून मारला.

"जकात नाका – तपासले." जांभळी अक्षरे छान उमटली. त्यांना पंधरवड्यात पहिल्यांदा निर्धास्त वाटले, आणि शीळ घालावीशी वाटली. पण शीळ त्यांना येत नव्हती.

अस्तर ओले होते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. जुना घाम उतरावा म्हणून वनमालेने रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचे पाणी सकाळीच अस्तराला लावले होते. कमरेतले जुने जाड कापड तिने काढून टाकले होते, त्यामुळे अस्तराच्या खाली आता एकदम साटन होते.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा घरात दिवा लागला होता, पण चूल पेटली नव्हती. वनमाला भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर झगा, आता सुलटा. कमरेच्या डाव्या बाजूला, विटक्या निळ्यावर, लहान मुलाच्या तळव्याएवढा जांभळा डाग पसरला होता. मधोमध अक्षरे नव्हती, नुसता डाग. अक्षरे आत होती.

मार्तंडरावांनी पिशवी खुंटीला अडकवली. ती खुंटीवरून दोनदा निसटली.

"दूध लावून बघितलं," वनमाला म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा होता. "लिंबू लावलं तर निळाच जाईल. चोळलं तर तार तुटंल. निघणार न्हाय हे."

"अस्तरावर मारला होता मी."

"व्हय. वाचलं."

"अगं, तुझ्यासाठीच मारला. उद्या कुणी म्हणालं, झगा बदलला, तर पुरावा नको हाताशी?"

"कोण म्हणणार व्हतं?"

एकदम मार्तंडरावांचा आवाज चढला, खालच्या आवाजाला आता जागाच उरली नव्हती म्हणून. "बोहारणीला काय दिलंस? खरा गोटा कुठं गेला? तुला काय वाटलं, मला कळत नाही?"

वनमालेने त्यांच्याकडे बघितले. अकरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे इतका वेळ बघितले. मग उठून सुपातली गुंडाळी आणली, आणि डब्यातून मलमलीत गुंडाळलेली दुसरी.

"हा खरा. घेराला खाली झिजलाय, दोन हात तर नुसती तार राहिलीय. हा दुसराबी खराच हाय, जुना. बोहारणीकडं कुणाच्या तरी लुगड्याचा पडला व्हता. नवा बाजारचा लावला असता तर तेवढाच चमकला असता, अन् बाकीचा झगा मेला असता. जुन्याला जुनंच लावावं लागतं."

"आणि तिला दिलंस काय?"

"माझा शालू."

"कुठला शालू?"

"लग्नातला. मला एकच हाय."

तो शालू मार्तंडरावांनी लग्नाच्या आधीच बघितला होता. बार्शीहून सासरेबुवांच्या पेट्या नाक्यावर आल्या तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे त्या उघडायला लावल्या होत्या, आणि अंबादासबुवा हसून म्हणाले होते, "बघा जावईबापू, नीट बघा, नंतर तक्रार चालायची न्हाय." मार्तंडरावांनी तेव्हा शालूचीही जकात लावली होती. स्वतःच्या बायकोच्या शालूची.

"अगं, तो कशाला दिलास? तुला नेसायला..."

"नेसून कुठं जायचं व्हतं मला?" वनमाला म्हणाली.

खाल्ल्या घरचे वासे मोजले, असे त्यांच्या आईने म्हटले असते. चूल त्या रात्री पेटली नाही. दोघांनी दही-पोहे खाल्ले, आपापल्या कोपऱ्यात.

शनिवारी सकाळी चंद्रप्रभाबाई आल्या. मार्तंडराव मधल्या खोलीत पंचा गुंडाळून उभे होते. दाराच्या फटीतून त्यांना सगळे दिसत होते. वनमालेने झगा चटईवर सुलटा ठेवला, लपवले काही नाही.

बाईंनी डाग बघितला. खाली बसल्या. गुडघ्याला हात लावून, सावकाश. "हे काय झालं?"

"माझी चूक झाली, ताई. ओलं कापड उघडं टाकून गेले मी."

मार्तंडरावांचे पाऊल उंबऱ्यापर्यंत आले. एक शब्द बोलायचा होता: मी. नाक्यावर ते दिवसातून शंभर वेळा तो शब्द बोलत. मी बघतो, मी उघडतो, मी ठरवतो. आता तो ओठावर येईना. पाऊल उंबऱ्याशी आले तसे मागे गेले, आणि ही लाज त्यांना पुढे कित्येक वर्षे, आंघोळीला पंचा गुंडाळताना, नेमकी आठवत राहिली.

चंद्रप्रभाबाईंनी चोळी उलटी केली. वाचले. मग त्या हसल्या, नाकातल्या नाकात. "तपासले! चला, एकदाचं तपासून तर झालं."

"ताई, मी..."

"तू गप गं. पंधरा वर्षं ही पेटी घेऊन हिंडलेय मी. स्टेशनात उघडली, धर्मशाळेत उघडली, आमच्या दादानं घरी आल्यावर उघडली. प्रत्येकानं आत काय शोधलं देव जाणे. या झग्यावर पुष्कळ शिक्के बसलेत, वनमाला. दिसणारा तेवढा हा पहिला." त्यांनी डोळे पुसले. हसता हसताच त्या रडत होत्या. "जाऊ दे. उद्या मी नदी नाही होत. मुलींना करू दे त्यांचं त्यांचं. कलेक्टरसाहेबांच्या पुढं हा डाग घेऊन कुठं नाचू?"

"शेला डावीकडं घेतला तर?" वनमाला म्हणाली.

"म्हणजे?"

"आता शेला उजव्या कमरेला खोचलाय. तो काढून डाव्या कमरेला टाचते, दोन चुण्या जास्ती घालून. डाग पुरता झाकतो. मी रात्री मापून बघितलंय."

बाईंनी बोटाने हवेत एक गिरकी काढून बघितली. "शेला डावीकडं आला तर गिरकी उलटी घ्यावी लागेल. नाहीतर तो पायात येईल. आजपर्यंत मी एकदाही उलटी गिरकी घेतलेली नाही."

"गुडघा उजवा दुखतोय तुमचा. उलटीत जोर डाव्यावर येईल."

चंद्रप्रभाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "हे कुणी शिकवलं तुला?"

"दादांनी. कपडे घालणाऱ्याचं अंग आधी बघायचं म्हणायचे, मग कपडा."

त्या दिवशी मार्तंडराव नाक्यावरून परतले तेव्हा दार आतून लावलेले होते. आत शहाबादी फरशीवर पावले वाजत होती. थांबत होती, पुन्हा वाजत होती. मधूनच वनमालेचा आवाज, "आणखी एकदा, ताई. शेला मागं ऱ्हातोय." आणि मग दोघींचे हसणे. ते दार न वाजवता ओट्यावर बसून राहिले.

सत्यभामाकाकू बाहेर आल्याच. "मार्तंडराव, बाहेर कामून बसलाव? अन् दार लावून काय चाललंय हो आत?"

"काम चाललंय," मार्तंडराव म्हणाले.

"कसलं काम?"

"कसलं का असंना. तुम्ही आत जा, काकू."

काकू आत गेल्या. मार्तंडरावांना स्वतःचेच नवल वाटले. पण हे दाराच्या बाहेर बोलून काय उपयोग होता? आत ऐकू गेले नव्हते.

रविवारी शाळेच्या पटांगणात गॅसच्या बत्त्या लागल्या होत्या. सगळे गाव लोटले होते. निम्मे निधीसाठी आणि निम्मे वकिलाची बहीण कशी नाचते ते बघायला. मार्तंडराव तिसऱ्या रांगेत बसले. वनमाला पडद्यामागे होती. मुलींनी डोंगर केला, झाडे केली, आणि मग नदी आली.

लोक पुढे पुष्कळ दिवस सांगत होते. म्हणे आधी कुणी शिट्टी मारली, आणि नंतर शिट्टी मारणाराच गप्प झाला. चाळीस वर्षांची बाई आहे हे म्हणे कुणाला दिसलेच नाही, पाणी दिसले. म्हणे शेवटी ती उलटी फिरत फिरत खाली बसली, आणि घेराचा गोटा बत्तीच्या उजेडात असा हलला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय आवरून घेतले. मार्तंडरावांनी यातले काही बघितले नाही. ते सबंध वेळ डाव्या कमरेकडे बघत होते. शेला हलेल, चुणी सरकेल, डाग दिसेल. शेला हलला नाही. टाळ्या वाजू लागल्या तेव्हा त्यांना कळले की संपले.

मंगळवारी मोठ्या बाईंनी वनमालेला बोलावून घेतले. शाळेत एक खोली रिकामी होती. मुलींना शिवण शिकवायचे, शाळेचे पोशाख सांभाळायचे. चंद्रप्रभाबाईंनी आपली पेटीही तिथेच ठेवायला दिली. आणखी दोन गावांहून कार्यक्रमाची बोलावणी आली होती. वनमालेने घरी येऊन सगळे सांगितले. मार्तंडरावांनी मान हलवली. चांगले झाले, असे ते म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होते.

बुधवारी सकाळी हमाल गाडा घेऊन दारात आला, तेव्हा त्यांना कळले की शिवणयंत्रही चालले आहे.

"हे कशाला नेतेस?" त्यांनी विचारले. "शाळेत असेल की एखादं. हे राहू दे घरी. घरी बसून शिवता येईल तुला, जागा आहे, उजेड आहे." मग, हमाल गाड्यापाशी आहे असे बघून, हळूच म्हणाले, "मी हात लावणार नाही गं आता. कशालाच. शपथ घेतो."

"ठाऊक हाय मला," वनमाला म्हणाली. "न्हाय लावणार तुम्ही."

"मग?"

ती यंत्रावरची धूळ पदराने पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"रविवारपासून मी रोज सकाळी उठले की आधी माझं शिवण उलटून बघते. सोमवारी बघितलं. काल बघितलं. आज तर शेजारच्या मुलीचं साधं झबलं व्हतं, तेबी उलटून बघितलं. काही नसतं. तरी बघते." तिने वर बघितले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मार्तंडरावांना तो बघवेना. "मला ही सवय लागायला नको. तुमची बघितलीय मी अकरा वर्षं."

हमालाने हाक मारली, बाई, कोण धरतंय?

"तुम्ही तिकडून धरा," वनमाला नवऱ्याला म्हणाली.

मार्तंडरावांनी खाली वाकून यंत्राचे लोखंडी पाय धरले. ते त्यांना वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ जड होते. उंबऱ्यापाशी दार अरुंद पडले, तेव्हा ते स्वतः आधी बाहेर सरले, भिंतीला पाठ लावली, आणि यंत्र आणि वनमाला बाहेर जातील एवढी जागा करून दिली.

"संध्याकाळी येशील ना?" त्यांनी विचारले.

"येईन की," वनमाला म्हणाली. "भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्यात. गार व्हायच्या आत खा."